वरचा फूटभर

सुरतेत जुना फ्लॅट घ्यायचा असेल तर तो दुपारी बघा, आणि आत शिरल्या शिरल्या दलालाला सगळे दिवे बंद करायला सांगा. डिंडोलीतला आमचा फ्लॅट आम्ही पाहिला तो ह्यांची पाळी सुटल्यावर, संध्याकाळी. पीओपीच्या छतात एलईडी लखलखत होते. बाल्कनी काचा लावून हॉलमध्ये घेतलेली, तिथे मुलांच्या अभ्यासाचं टेबल. ‘एक रूम वधारे मळे छे, बेन,’ दलाल म्हणाला. राहायला आल्यावर कळलं, ही वाढीव खोली हॉलच्या उजेडातूनच कापून काढलेली होती. भर दुपारी मेथी निवडायची तर ट्यूबलाइट लावावी लागायची.

बाल्कनी बंद करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पांडेसऱ्याकडून वारा फिरला की कठड्यावर काळी भुकटी बसते. कबुतरांचा उच्छाद वेगळाच. आणि आषाढात पश्चिमेकडून पाऊस असा तिरपा येतो की वाळत घातलेले कपडे पुन्हा पिळावे लागतात. शिवाय पैशाचा हिशेब आहेच. २०१६च्या रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बाल्कनी कार्पेट एरियात धरत नाहीत, पण तिचे पैसे आपल्याच खिशातून गेलेले असतात. ती घरात ओढून घ्यावीशी वाटणारच.

लोक काचेला दोष देतात. साधी पारदर्शक काच जवळजवळ नव्वद टक्के उजेड आत सोडते. हॉलचं जुनं स्लायडिंग तसंच ठेवून बाहेर दुसरी काच लावली, तर दोन्हींतून मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतो. एवढ्याने घर अंधारत नाही. तपकिरी काच मात्र एकटीच जवळपास निम्मा उजेड गिळते, आणि आपल्याकडे ‘बाहेरून दिसू नये’ म्हणून तीच घ्यायची पद्धत आहे. आमच्याकडे ती होती. पण खरी चोरी तिच्या वर चालली होती. आधीच्या मालकाने काचेच्या माथ्यावर, बाल्कनीच्या पूर्ण लांबीभर, सामानासाठी प्लायचा माळा करून घेतला होता.

खिडकीचा वरचा भाग सगळ्यांत मोलाचा असतो, कारण उजेड आत खोलवर पोचतो तो तिथूनच. सुरत साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. या कोनाचा हिशेब सोपा आहे: दक्षिणेची उघडीप वरून एक फूट कमी केली की घरात येणारं ऊन एक फूट अलीकडेच थांबतं. जूनमध्ये तोच सूर्य माथ्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, म्हणून वरच्या मजल्याचा स्लॅब आपोआप छत्रीचं काम करतो. हिवाळ्यात ऊन, उन्हाळ्यात सावली ही सोय दक्षिणेची उघडी बाल्कनी फुकटात करते.

पावसाळ्यात तर वरच्या पट्टीवाचून गत्यंतर नाही. पूर्ण ढगाळ आकाश माथ्यापाशी क्षितिजाच्या तिप्पट उजळ असतं. त्यात समोर दहा-बारा मजली टॉवर. खालच्या मजल्यांवरून आकाश दिसतं ते फक्त खिडकीच्या वरच्या हातभर जागेतून. नेमकी तीच प्लायने झाकलेली. आई अमळनेरहून आली तेव्हा म्हणाली, ‘आपल्या धाब्याच्या घराला छतात एवढासा झरोका होता, पण चुलीपाशी दिवा नाही लागायचा. तुमच्या इथे भिंतभर काच आणि दिवसा बत्ती!’

सेक्शनचं काम करणाऱ्या कारागिराला बोलावलं. ‘बधा तो बंद करावे छे, तमे खोलावो छो?’ म्हणून तो हसला. माळा काढला, काच साधी बसवली, बाल्कनीच्या छताचं लाकडी रंगाचं पीव्हीसी उतरवून पांढरा रंग दिला. आता सोफ्यापाशी चार वाजेपर्यंत पेपर वाचता येतो. स्वयंपाकघर मात्र अंधारंच राहिलं, आणि ते राहणारच. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उघडीपीपासून साडेसात मीटरपलीकडची जागा उजळलेली धरतच नाहीत. बाल्कनी आत घेतली की उघडीप तिच्या बाहेरच्या कडेला सरकते आणि घराचा मागचा भाग तिच्यापासून आणखी चार-पाच फूट लांब जातो.

तुम्हाला बंद करायचीच असेल तर आधी कशासाठी ते ठरवा. कबुतरांसाठी जाळी पुरते. पावसासाठी पश्चिमेची बाजू झाकली तरी बरंच भागतं. पूर्ण काच लावणार असाल तर माथ्यापर्यंत न्या, वर ना माळा ना पडद्याची पेटी. मधली भिंत पाडू नका. सोसायटी आणि महापालिकेच्या मंजूर नकाशाचा प्रश्न पुढे घर विकताना उभा राहतो तो वेगळाच. दोन पट्ट्यांचं स्लायडिंग एका वेळी अर्धंच उघडतं, तीन पट्ट्यांचं दोन-तृतीयांश. सातव्या मजल्यावरची न उघडणारी काच बाहेरून पुसणार कोण, हेही कारागिराला आधीच विचारा. आमच्याकडची धूळ बसली की पारदर्शक काचही तपकिरी व्हायला वेळ लागत नाही.

आणि वॉशच्या बाल्कनीत गॅस गीझर असेल तर ती बंद करूच नका. कोंडलेल्या जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. आमच्याच मजल्यावरच्या एका वहिनींना काच लावायची होती. मी गॅसचं सांगितल्यावर त्यांनी आधी विजेचा गीझर घेतला, मग काच.