घड्याळाच्या लॉकचा सैल स्क्रू

प्रश्न : महागड्या घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्यातील लॉकचा स्क्रू सारखा सैल होतो. खाऱ्या हवेने आटे झिजले असतील का? फेविक्विक लावावे का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आटे, म्हणजे स्क्रूवरील सर्पिल खाचा, चांगल्या स्टीलमध्ये खाऱ्या हवेने सहसा झिजत नाहीत, मनगटाच्या सततच्या हालचालीने पकड सुटते, आणि फेविक्विक ओघळल्यास आपले लॉकच जखडेल. स्क्रू काढून, आटे स्पिरिटने पुसून वाळल्यावर त्यांवर थ्रेडलॉकर, म्हणजे हवेचा संपर्क तुटताच धातूंमध्ये घट्ट होणारा द्रव, टाचणीच्या टोकाएवढा लावावा. तो कमी ताकदीचाच घ्यावा, कारण तीव्र प्रकार तापवल्याशिवाय सुटत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे पाते खाचेत चपखल बसावे, अन्यथा ओरखडे ठरलेलेच. नंतर दिवसभर घड्याळ वापरू नये. हमीची मुदत शिल्लक असल्यास मात्र अधिकृत सेवा केंद्रच गाठावे.