मातीतील जिवाणू आणि त्वचेवरील बुरशी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे मूळचे अवर्षणप्रवण तालुके. नीरेच्या डाव्या कालव्याने येथील काळ्या रानात ऊस उभा केला. उसाला पाणी देणाऱ्या माणसाचे पाय मात्र तासन्‌तास चिखलात राहतात. पावसाळ्यात त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घाम आणि ओले कपडे यांमुळे जांघेत व कमरेशी नायटा उठतो. यांतील बहुतेक विकार बुरशीमुळे होतात. याच मातीत बुरशीचे शत्रूही नांदतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर रानातून दरवळणारा मातीचा गंध हा मुख्यतः या जिवाणूंचा. स्ट्रेप्टोमायसिस हे त्यांतील एका मोठ्या गटाचे नाव. ते तंतूंसारखे वाढतात, त्यामुळे पूर्वी त्यांची गणना बुरशीतच होत असे. चिमूटभर मातीत ते लक्षावधी असू शकतात. त्यांतील काही जाती बुरशीची वाढ रोखणारी द्रव्ये तयार करतात.

अमेरिकेतील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन संशोधिकांनी १९५० मध्ये अशा एका द्रव्याची माहिती जाहीर केली. त्यासाठीची माती व्हर्जिनियातील एका शेतावरची होती. हेझन न्यूयॉर्कमध्ये, तर ब्राऊन ऑल्बनीत; नमुन्यांची देवाणघेवाण टपालाने चाले. या औषधाला पुढे नायस्टॅटिन हे नाव मिळाले.

पुणे जिल्ह्याला तर याहून जवळचे उदाहरण आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. तेथील डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक प्रसिद्ध केले. ते देणाऱ्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! गावाचे नाव असे शास्त्रग्रंथांत जाण्याचा मान फार थोड्या गावांना लाभतो.

बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. ही औषधे त्याला चिकटतात, आवरणाला छिद्रे पडतात आणि पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपून ती मरते. माणसाच्या पेशीत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते, म्हणून तिला तुलनेने कमी इजा पोहोचते.

तथापि, सर्व बुरशी एका औषधाने जात नाही. नायस्टॅटिन कॅन्डिडा या बुरशीवर गुणकारी आहे. नाट्यावर त्याचा उपयोग होत नाही. नाट्यासाठी वेगळी औषधे लागतात व ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी लागतात. औषध मातीतून निघाले म्हणून चिखलाचा लेप लावणे तर घातकच. कच्च्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि त्वचेला बाधणाऱ्या काही बुरशीही तेथेच राहतात. प्रयोगशाळेत जिवाणू वेगळा करून, त्याचे द्रव्य शुद्ध करून व मात्रा ठरवूनच त्याचे औषध होते.

दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांचा धोका याहून मोठा आहे. त्यांनी खाज व लाली चटकन कमी होते, पण आत बुरशी पसरतच राहते. पुष्कळ रुग्ण बरे वाटताच औषध सोडतात, आणि महिन्याभरात नायटा पुन्हा उठतो. नाट्याच्या एका चिवट बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनिए हे नाव देण्यात आले. तिच्या अनेक नमुन्यांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून उपचार सांगितलेल्या मुदतीपर्यंत पुरा करणे, रानातून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे आणि घरातील प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवणे आवश्यक आहे. घरात दुसऱ्या कोणास नायटा असेल, तर त्याचेही उपचार त्याच वेळी सुरू करावे लागतात.