सोळा तासांचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्कोस मुलीकडे जाण्याचे ठरले, तेव्हा पत्नीच्या गुडघ्यांची अवस्था ध्यानी घेऊन मी पुण्यातील एका प्रवास-कचेरीत एकच प्रश्न, तोही लेखी, विचारला होता : घराचा उंबरठा ओलांडल्यापासून एकंदर तास किती? तेथील तरुण व्यवस्थापकाने संगणकात दोन विमानतळांची नावे घातली, मुंबईपासूनचे सुमारे १३,५०० किलोमीटर हे अंतर काढले, त्यास ताशी साडेआठशेने भागले आणि माझ्याच अर्जाच्या पाठीवर ‘१६ तास’ असा शेरा मारून दिला. तो कागद माझ्या दप्तरी अद्याप आहे.

तो आकडा पृथ्वीगोलावर ताणून धरलेल्या दोरीचा. ती दोरी मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेस निघून ध्रुवाच्या निकटून पलीकडे उतरते, आणि आमच्या हाती ठेवलेले तिकीट मात्र दुबईमार्गे होते. खंडाळ्याच्या घाटात आडवा झालेला ट्रेलर, सहारला तीन तास आधीची हजेरी, दुबईतील आठ तासांचा मुक्काम, यांपैकी कशाचीही त्या हिशेबात नोंद नव्हती. परंतु खरा उलगडा झाला तो दुबईहून दुसऱ्या विमानात बसल्यावर, समोरच्या पडद्यावर उरलेले अंतर १३,००० किलोमीटर आणि उरलेला वेळ सोळा तास असे उमटले तेव्हा. सुमारे १,९०० किलोमीटर कापूनही मुक्कामाचे ठिकाण जेमतेम पाचशेने जवळ आले होते, आणि त्या गृहस्थाचे सोळा तास आता कोठे सुरू होत होते! पत्नीने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि सुजलेल्या घोट्यांवरचे मोजे खाली सरकवले.

परतल्यावर जाब विचारला, तर मोबाइलवरची नजर न उचलता उत्तर आले, “काका, अंतर तर बरोबरच सांगितलं होतं ना?” सेवाशुल्काविषयी अवाक्षर नाही.

सबब, जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात; सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा व उन्हाळ्यात साडेबारा तास आपल्या मागे असल्याने, पोहोचण्याच्या वेळेत तितके मिळवून मगच वजाबाकी करावी. थेट विमान असले तरी मार्गाची चौकशी करावी, कारण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केल्यावर कित्येक पश्चिमगामी विमानांस वळसा पडला. उलटपक्षी, २०१६ साली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जाऊ लागले, तेव्हा अंतर हजार किलोमीटरांहून अधिक वाढूनही पाठीशी असलेल्या वाऱ्यामुळे वेळ घटला. भागाकार करणाऱ्यांस हे कोण सांगणार? पाणी भरपूर प्यावे, अधूनमधून उठून चालावे, हे तर सर्वश्रुतच आहे. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच नोंदवून ती नोंद तिकिटावर छापलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. आम्हांस “होऊन जाईल, काका” एवढेच आश्वासन मिळाले होते, आणि दुबईत विमानाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या यादीत पत्नीचे नाव नव्हते.