पॅलिओ आहाराचे नित्य पालन : सात्म्य व पादांशिक क्रमाच्या दृष्टीने विचार

प्रस्तावना

पूर्वी रुग्ण वैद्याकडे येऊन 'काय खाऊ, काय टाळू' असे विचारीत असे. आज अनेक रुग्ण काय खायचे नाही हे आधीच ठरवून येतात. पोळी, भाकरी, भात, डाळी, दूध, साखर हे सर्व त्यांनी एका दिवसात सोडलेले असते. पहिले काही आठवडे उत्साहात जातात, वजन उतरते, अंग हलके वाटते. नंतर एखादे लग्नकार्य, प्रवास किंवा घरातील आजारपण येते आणि नियम मोडतो. मोडलेला नियम रुग्ण अधिक कठोरपणे पुन्हा धरतो आणि तो पुन्हा मोडतो. या धरसोडीत अग्नी विषम होतो, मलावष्टंभ होतो, निद्रा बिघडते आणि मुख्य म्हणजे पथ्य या गोष्टीवरील रुग्णाचा विश्वासच उडतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही व १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही आहेत. आहारात बदल करू इच्छिणाऱ्यांची संख्या वाढतच जाणार, हे उघड आहे. अशा वेळी 'हे परकीय खूळ सोडा' एवढेच सांगून वैद्याचे कर्तव्य संपत नाही. हा आहार नित्य व्यवहारात का टिकत नाही आणि त्यातील हिताचा अंश कसा टिकवता येईल, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

संकल्पना व तिचा उगम

पॅलिओ आहार म्हणजे पुराश्मयुगीन मानवाचा म्हणून कल्पिलेला आहार. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञ वॉल्टर व्हॉग्टलिन यांनी १९७५ साली या विषयावर पुस्तक लिहिले. १९८५ मध्ये बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांचा पुराश्मयुगीन पोषणाविषयीचा लेख एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि विषयास शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवला. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंदमुळे व कठीण कवचाची फळे ग्राह्य; धान्ये, कडधान्ये, दूध व दुधाचे पदार्थ, साखर, वरून घातलेले मीठ व कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ वर्ज्य, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. शेंगदाणा हेही शिंबीवर्गातील बीज असल्याने तो वर्ज्य ठरतो, ही गोष्ट दाण्याच्या कुटावर चालणाऱ्या आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शेती सुरू होऊन सुमारे दहा हजार वर्षेच झाली, एवढ्या अवधीत मानवी शरीर धान्याशी जुळले नाही, असा या मताचा आधार आहे. तो पूर्णपणे ग्राह्य धरता येत नाही. इस्राएलमधील गालील सरोवराकाठच्या ओहालो येथील सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव वगैरे धान्य दगडावर दळल्याचे पुरावे मिळाले आहेत. प्रौढ वयात दूध पचविण्याची क्षमता तर काही मानवसमूहांत पशुपालन सुरू झाल्यानंतरच पसरली. अर्थात शरीर नव्या अन्नाशी जुळते. मात्र त्यास काळ लागतो. आपल्या परिभाषेत हाच सात्म्याचा विचार होय.

आधुनिक अभ्यासांतून काय दिसते

या आहाराचा उपयोग होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वीडनमधील संशोधक स्टाफन लिंडेबर्ग व सहकाऱ्यांनी २००७ साली हृद्रोग व शर्करा-असहिष्णुता असलेल्या २९ रुग्णांवरील १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या आहाराने शर्करेचे नियंत्रण सुधारल्याचे आढळले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे तो स्वीडनमधीलच उमेओ येथील, २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांचे दोन गट करून एका गटास पॅलिओ आहार व दुसऱ्यास तेथील शासनमान्य आहार दोन वर्षे देण्यात आला. सहा महिन्यांनी पॅलिओ गटातील मेद अधिक घटलेला होता. चोवीस महिन्यांनी दोन्ही गटांत वजन उतरलेले असले तरी त्यांतील फरक महत्त्वाचा राहिला नाही. रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण मात्र पॅलिओ गटात कमी राहिले. प्रथिनांचे जे प्रमाण ठरवून दिले होते, ते त्या गटास गाठता आले नाही. आहार हितकर असूनही नित्य पालनात तो सैल होत जातो, हाच त्याचा अर्थ. आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन लाभूनही असे घडते, तर एकट्याने नियम पाळणाऱ्या रुग्णाची अवस्था काय होईल?

आयुर्वेदीय दृष्टिकोन

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अखेरच्या अध्यायात देशपरत्वे सात्म्य सांगितले आहे. बाह्लीक, पह्लव, यवन, शक इत्यादींना मांस व गोधूम, प्राच्यांना मत्स्य, सैंधवांना क्षीर, अश्मक व अवंती येथील लोकांना तैल व अम्ल, मलयवासीयांना कंद, मूल, फल, मध्यदेशीयांना यव, गोधूम व गोरस. यांपैकी अश्मक देश गोदावरीच्या परिसरातील, म्हणजे आपल्या भूमीशी निगडित आहे. मलयवासीयांचे कंदमूलफल-सात्म्य वाचताना पापुआ न्यू गिनीमधील किटावा बेटाचे स्मरण होते. लिंडेबर्ग यांनी अभ्यासलेले तेथील रहिवासी सुरणवर्गीय कंद, रताळी, फळे, नारळ व मासे यांवर राहत, त्यांच्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांतून येत असे, आणि तरीही त्यांच्यात हृद्रोग व पक्षाघात क्वचितच आढळला. सर्व मानवजातीस एकच 'मूळ आहार' नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा मुद्दा विमानस्थानातील पहिल्या अध्यायाचा. क्षार व लवण यांचा अतियोग ज्या देशांत रूढ आहे, तेथील लोकांना त्यामुळे व्याधी होतात, हे सांगितल्यावर आचार्य ते एकदम सोडण्यास सांगत नाहीत. क्रमाक्रमाने सोडणे श्रेयस्कर मानतात. जे अहितकर आहे तेही सात्म्य झालेले असेल तर एकाएकी तोडू नये, हे या विवेचनाचे सार आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात त्याचीच पद्धती पादांशिक क्रम म्हणून येते. अहिताचा चतुर्थांश सोडावा, त्या जागी हिताचा चतुर्थांश घ्यावा आणि पायऱ्यांमधील अंतर क्रमाने वाढवीत जावे. अशा रीतीने गेलेले दोष परत उद्भवत नाहीत व आलेले गुण स्थिर होतात, असे फलही तेथे सांगितले आहे. उमेओच्या अभ्यासात दोन वर्षांनी जे हातातून निसटले, ते हे स्थैर्यच होय.

द्रव्यांच्या गुणांचाही विचार हवा. मांसाचे गुण ठरविताना प्राण्याचा वावर, आहार व हालचाल पाहण्यास शास्त्र सांगते. म्हणून पिंजऱ्यात वाढविलेल्या कोंबडीस जांगल मांसाचे लघुत्व आपोआप लाभत नाही. बदाम, अक्रोड ही गुरू, उष्ण, स्निग्ध व कफपित्तवर्धक द्रव्ये आहेत. मूठभर खाणे वेगळे आणि पिठाच्या जागी त्यांचीच भाकरी करणे वेगळे. बदामाच्या पिठात मध घालून भट्टीत भाजलेले केक पॅलिओ म्हणून विकले जातात. तप्त मधाविषयीचा शास्त्रातील निषेध येथे रुग्णास समजावून सांगावा लागतो. वर्षा ऋतूत अग्नी मंद असता पुराण यव, गोधूम व शाली घेण्यास सांगितले आहे. त्याच ऋतूत धान्य पूर्ण सोडून कच्च्या भाज्यांचे वाडगे खाणे हे काल व अग्नी दोहोंच्या विरुद्ध आहे.

नित्य व्यवहारातील अडथळे

आहारविधीच्या आठ विशेष आयतनांपैकी प्रकृती, करण, संयोग व राशी यांचा विचार बहुतेक आहारपद्धती करतात. देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता यांकडे दुर्लक्ष होते आणि नियम मोडतो तो नेमका तेथेच.

एकत्र कुटुंबात चूल एक असते. एका व्यक्तीच्या पॅलिओसाठी दुसरा स्वयंपाक करावा लागतो आणि तो भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. ती स्वतः रुग्ण असेल तर दोन स्वयंपाक करून शेवटी उरलेले खाते. कार्यालयातील डब्यातून पोळी काढली तर वाटीभर भाजी उरते आणि चार वाजता भूक फरसाणाकडे नेते. एस.टी. स्थानकावर वडापाव व चहा सहज मिळतो. पंगतीत व नैवेद्याच्या वेळी नकार देणे रुग्णास अवघड जाते. शाकाहारी रुग्णाची अडचण तर मूलभूत आहे. डाळ, कडधान्य, दूध, दही, ताक हे सर्व वर्ज्य केल्यावर प्रथिनांसाठी त्याच्याकडे सुकामेव्याखेरीज फारसे काही उरत नाही. अंडीही न खाणाऱ्या शाकाहारी रुग्णास शुद्ध पॅलिओ आहार आम्ही सुचवीत नाही.

उलटपक्षी काही अनुकूलताही आहेत. कोकणातील मासे, नारळ, सुरण, कोनफळ, करांदे, अळकुड्या व पालेभाज्या या आहाराच्या पुष्कळ जवळ जातात. उपवासाच्या निमित्ताने धान्य वर्ज्य करण्याचा संस्कार घराघरांत आहे; मात्र साबुदाण्याच्या खिचडीऐवजी उकडलेले रताळे, सुरणाची भाजी, काकडीची कोशिंबीर व फळे अशी त्याची मांडणी करावी लागते.

पादांशिक योजना

आम्ही व्यवहारात एकेक पाद किमान दोन सप्ताहांचा धरतो व मागील पाद स्थिर झाल्याखेरीज पुढे जात नाही.

प्रथम पाद : साखर घातलेली पेये, बिस्किटे, फरसाण, मैदा व तळण बंद. यात घरातील स्वयंपाक बदलत नाही, म्हणून विरोध होत नाही. या आहाराच्या लाभातील बराचसा वाटा येथेच पदरात पडतो, असा आमचा अनुभव आहे.

द्वितीय पाद : रात्रीचे जेवण लवकर व लघु. धान्य निम्मे, शिजवलेली भाजी दुप्पट. मांसाहारी रुग्णास मासे, अंडी किंवा मांसरस. शाकाहारी रुग्णास मुगाचे कढण. बाकीच्या कुटुंबाचे ताट तेच राहते, फक्त राशी बदलते.

तृतीय पाद : दुपारच्या गव्हाच्या पोळीऐवजी जव किंवा ज्वारीची भाकरी, तीही मोजून, धान्य शक्यतो जुने. स्थौल्य व प्रमेहात यवाचे श्रेष्ठत्व सुपरिचितच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही एकूण ऊर्जेत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे, तेव्हा धान्य कमी करण्याच्या दिशेस आधुनिक मताचाही पाठिंबा आहे.

चतुर्थ पाद : ज्यांचा अग्नी उत्तम आहे, जे मांस-मत्स्य-सात्म्य आहेत व ज्यांची इच्छा दृढ आहे, त्यांनीच उरलेले धान्य कंदांनी बदलावे. इतरांनी तिसऱ्या पादावर थांबणे हे अपयश मानू नये.

प्रवास व पंगतीसाठी अपवाद आधीच ठरवून द्यावा. आठवड्यातील एक भोजन मोकळे ठेवले तर ते मोडलेले पथ्य ठरत नाही, पथ्याचाच भाग ठरते. प्रवासात केळे, काकडी, खोबरे, उकडलेली अंडी जवळ असावीत. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस पहिल्याच भेटीत सोबत बोलवावे. पथ्याची चिठ्ठी तिच्याशी बोलल्याखेरीज लिहू नये.

सावधानता

ग्लिमेपिराइडसारखी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने धान्य एकदम कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधे चालू असता कर्बोदके फार घटविल्यास रक्तशर्करा फारशी न वाढताही कीटोआम्लता होऊ शकते. मळमळ, वांती, उदरशूल, श्वासाची गती वाढणे ही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. औषधाची मात्रा संबंधित चिकित्सकांच्या सल्ल्यानेच बदलावी. 'आहार सुरू केला, गोळ्या बंद केल्या' असे सांगणाऱ्या रुग्णास तेथेच थांबवावे. वृक्कविकारात मांसाचे प्रमाण वाढवू नये. वॉर्फरिन घेणाऱ्याने पालेभाज्यांचे प्रमाण अचानक बदलू नये. गर्भिणी, सूतिका व वाढत्या वयाची मुले यांना हा आहार देऊ नये.

उमेओच्या अभ्यासातील स्त्रियांबाबत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पॅलिओ गटातील आयोडीन घटल्याचे आढळले. आपल्याकडे आयोडीनयुक्त मीठ सोडून केवळ सैंधव वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दूध वर्ज्य केल्यास तीळ, शेवग्याची पाने, काट्यासह खाता येणारे लहान मासे यांची योजना हवी.

उपसंहार

पॅलिओ आहाराने साखर, मैदा व डबाबंद पदार्थांविरुद्ध दिलेला इशारा योग्य आहे आणि वैद्यांनी त्याचे स्वागत करावे. तथापि ज्वारी, मूग व ताक यांना साखरेच्या पंक्तीस बसविणे शास्त्रसंमत नाही. रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याची इच्छाशक्ती कमी पडलेली नसते; त्याचे सात्म्य, त्याचे घर व त्याचा दिनक्रम यांचा विचार कोणी केलेला नसतो. तो विचार करणे हे वैद्याचे काम आहे. वैद्यबंधू-भगिनींनी अशा रुग्णांच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्यात, त्यांत केवळ वजन न लिहिता अग्नी, मलप्रवृत्ती, निद्रा, बल आणि पथ्य कोणत्या पादावर स्थिर झाले हेही लिहावे, अशी आमची विनंती आहे. नियम किती कठोर होता यापेक्षा तो किती काळ टिकला, हे त्या नोंदींतूनच समजेल.