संगणकातील घटक सुरू का होत नाहीत?

१. विषयप्रवेश

संगणक चालू केला, पडदा उजळला, परंतु ज्या कामासाठी तो चालू केला ते काम मात्र होईना, असा अनुभव आज शाळेत, बँकेत, रुग्णालयात आणि घरी अनेकांना येतो. छपाईयंत्र सज्ज असते, पण कागद बाहेर पडत नाही. माहितीचा साठा सुरक्षित असतो, पण तो उघडून दाखविणारी आज्ञावली 'सुरू करता आले नाही' एवढेच सांगून थांबते. अशा वेळी यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. बहुधा यंत्रात काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचा एखादा घटक सुरू झालेला नसतो, इतकेच.

हा दोष लहान असला तरी त्यावर घाईने केलेला उपाय पुष्कळदा दोषाहून महाग पडतो. सर्व सॉफ्टवेअर पुसून ते नव्याने बसविणे हा असाच एक रूढ उपाय आहे. त्यात दुकानाचे हिशेब, रुग्णांच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे गुण कायमचे नष्ट होण्याचा धोका असतो. शिवाय दोषाचे कारण दाखविणाऱ्या खुणाही पुसल्या जातात. मग तोच दोष काही दिवसांनी पुन्हा उद्भवला, तर आपण पुन्हा आरंभापाशीच येतो. म्हणून उपायापूर्वी कारण कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

२. संगणक टप्प्याटप्प्याने जागा होतो

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकसारख्या आरंभीच्या संगणकावर एका वेळी एकच आज्ञावली चालत असे. तेव्हा अनेक आज्ञावलींपैकी कोणती थांबली, हा प्रश्नच उद्भवत नसे. आजच्या साध्या घरगुती संगणकातही शंभराहून अधिक घटक एकाच वेळी कार्यरत असू शकतात, आणि ते सर्व एका क्षणी सुरू होत नाहीत.

वीज मिळताच प्रथम यंत्रातच कायम साठविलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. ती स्मृती, कळफलक इत्यादी भागांची तपासणी करते आणि साठवण-तबकडीवरून पुढील आज्ञावली उचलते. ही दुसरी आज्ञावली संचालन प्रणालीचा गाभा स्मृतीत आणते. गाभा सुरू झाला की निरनिराळ्या यंत्रभागांशी बोलणारे चालक, म्हणजे ड्रायव्हर, सुरू होतात. त्यानंतर पडद्यामागे राहून काम करणाऱ्या 'सेवा' उभ्या राहतात. बहुतेक सेवा उभ्या राहिल्या की वापरणाऱ्याला आपले नाव व संकेतशब्द विचारला जातो, आणि शेवटी तो उघडील त्या आज्ञावली चालू होतात.

या रचनेत दोन प्रकारचे संबंध असतात. पहिला संबंध गरजेचा. चूल पेटल्यावाचून भात शिजत नाही, त्याप्रमाणे काही घटक दुसऱ्या घटकावाचून चालूच शकत नाहीत. दुसरा संबंध केवळ क्रमाचा. पाट मांडून मग पाने वाढतात, पण पाट नसले म्हणून जेवण अडत नाही. लिनक्स प्रणालीवर २०१० पासून प्रचारात आलेल्या सिस्टमडी या व्यवस्थापकात हे दोन संबंध वेगवेगळे लिहावे लागतात. 'अमुक घटक हवा' एवढेच लिहिले आणि 'त्याच्यानंतर सुरू व्हावे' हे लिहिले नाही, तर दोन्ही घटक एकदमच सुरू होऊ लागतात. मग पहिला तयार होण्यापूर्वीच दुसरा त्याला हाक मारतो आणि उत्तर न मिळाल्याने थांबतो. एखादा घटक कधी सुरू होतो व कधी होत नाही, अशी तक्रार आली तर प्रथम या कारणाचा विचार करावा.

यावरून या पाठातील मुख्य तत्त्व निघते. जो घटक थांबलेला दिसतो त्याच्यातच दोष असतो असे नाही. तो साखळीतील शेवटचा दुवा असू शकतो. आपल्याला शोधायचा असतो तो प्रथम तुटलेला दुवा.

३. नोंदवहीचे वाचन

पडद्यावर उमटणारा संदेश बहुधा शेवटच्या दुव्याचा असतो. प्रथम तुटलेला दुवा शोधण्यासाठी संगणकाची नोंदवही उघडावी लागते. विंडोज प्रणालीत ती 'इव्हेंट व्ह्यूअर' या नावाने आढळते. सिस्टमडी असलेल्या लिनक्सवर ती 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने वाचता येते. प्रत्येक नोंदीपुढे वेळ दिलेली असते. संगणक सुरू झाल्याच्या क्षणापासून खाली वाचत यावे आणि पहिली अपयशाची नोंद कोणती, ते टिपून ठेवावे. त्यानंतरच्या दहा तक्रारी बहुधा त्या एकीचीच संतती असतात.

विंडोजमधील सेवा सुरू न झाल्यास जो क्रमांक दिसतो, तोही बराच बोलका असतो. नेहमी आढळणारे क्रमांक पुढीलप्रमाणे आहेत:

२ – सांगितलेल्या जागी फाइल सापडली नाही.
५ – परवानगी नाकारली.
१०५३ – सेवेने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही. ही मुदत सामान्यतः ३० सेकंदांची असते.
१०५८ – सेवा मुद्दाम बंद करून ठेवलेली आहे.
१०६८ – जिच्यावर ही सेवा अवलंबून आहे ती दुसरी सेवा सुरू झाली नाही.
१०६९ – ज्या खात्याच्या नावाने सेवा चालते त्याला प्रवेश मिळाला नाही.

क्रमांक १०६८ दिसला तर समोरच्या सेवेवर वेळ खर्च करू नये. तिच्या मागे जावे. क्रमांक १०६९ दिसला तर अलीकडे कोणी त्या खात्याचा संकेतशब्द बदलला काय, ते विचारावे. माणसाने आपला संकेतशब्द बदलला, पण त्याच्या नावाने चालणाऱ्या सेवेजवळ मात्र जुनाच राहिला, असा प्रकार कार्यालयांतून वारंवार घडतो.

४. एक उदाहरण : छपाईची सेवा

विंडोजमध्ये छपाईची कामे रांगेत लावणारी 'प्रिंट स्पूलर' नावाची एक सेवा असते. ती थांबली म्हणजे नवेकोरे छपाईयंत्रही निरुपयोगी ठरते. तिची तपासणी कशी करावी, ते क्रमाने पाहू.

प्रथम सेवांच्या यादीत तिची स्थिती पाहावी. ती मुळीच सुरू होत नाही, की सुरू होऊन काही क्षणांनी थांबते? हे दोन दोष सर्वस्वी भिन्न आहेत. मुळीच सुरू होत नसेल, तर वर दिलेल्या क्रमांकांचा आधार घ्यावा. सुरू होऊन थांबत असेल, तर तिच्या गरजा पुरविल्या गेल्या आहेत, हे उघड आहे. मग सुरू झाल्यावर ती जे पहिले काम हाती घेते त्या कामातच काहीतरी अडचण असली पाहिजे.

हे पहिले काम म्हणजे रांगेत उरलेली छपाई. ती विंडोजच्या 'सिस्टम३२' या फोल्डरातील 'स्पूल' आणि त्यातील 'प्रिंटर्स' या फोल्डरात साठविलेली असते. वीज अचानक गेल्याने किंवा अन्य कारणाने तेथील एखादी फाइल अर्धवट राहिली, तर सेवा ती वाचू जाते आणि कोसळते. पुन्हा सुरू केली की पुन्हा तीच फाइल तिच्या वाटेत येते. म्हणून सेवा थांबलेली असताना त्या फोल्डरातील फाइली बाहेर काढून दुसऱ्या जागी ठेवाव्यात आणि मग सेवा सुरू करावी. ती टिकली, तर दोष त्या फाइलींत होता असे सिद्ध होते. न टिकल्यास नुकत्याच बसविलेल्या छपाईयंत्राच्या चालकाकडे संशय वळवावा.

येथे फाइली पुसण्याऐवजी हलविल्या, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. पुसलेली वस्तू परत मिळेलच असे नाही. हलविलेली वस्तू जागेवर ठेवून प्रयोग पुन्हा करता येतो.

५. इतर सामान्य कारणे

काही आज्ञावली सर्वांना सामाईक असलेल्या फाइलींवर विसंबून असतात. 'व्हीसीरनटाइम१४०' नावाची फाइल सापडत नाही, हा संदेश अनेकांनी पाहिला असेल. अशा वेळी ती एकटी फाइल कोठूनतरी मिळवून बसविण्याचा मोह टाळावा. तिच्यासोबत अपायकारक आज्ञावलीही येऊ शकते. ती फाइल ज्या अधिकृत संचाचा भाग आहे, तो संपूर्ण संच मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावा.

दुसरे कारण म्हणजे अगोदरच व्यापलेली जागा. जाळ्यावरून येणारे संदेश स्वीकारण्यासाठी प्रत्येक सेवा एक क्रमांकित दार, म्हणजे पोर्ट, मागते. संकेतस्थळ दाखविणारी सेवा बहुधा ८० क्रमांकाचे, तर मायएसक्यूएल हा माहितीसाठा ३३०६ क्रमांकाचे दार मागतो. महाविद्यालयातील प्रयोगशाळेत एकाच संगणकावर मायएसक्यूएल दोनदा बसविलेला असेल आणि दोन्ही प्रतींना तेच दार हवे असेल, तर दुसरीला ते मिळत नाही. तेथे दुसरीत काही दोष नसतो. दार कोणी अडविले आहे ते पाहून एकीला वेगळा क्रमांक दिला की काम भागते. साठवण-तबकडी पूर्ण भरलेली असणे हाही याच जातीचा अडथळा होय. माहितीसाठ्याला सुरू होतानाच काही नोंदी लिहाव्या लागतात, आणि लिहायला जागा नसेल तर तो थांबतो.

आणखी एक बाब सांगितली पाहिजे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असल्यास संगणक 'बंद' केला तरी प्रणालीचा गाभा व चालक यांची स्थिती तबकडीवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. 'रीस्टार्ट' केल्यास मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून तपासणी करताना बंद-चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करणे अधिक उपयुक्त असते.

६. निम्मे वगळण्याची रीत

नोंदवहीतूनही उलगडा झाला नाही, तर संशयित घटकांपैकी निम्मे तात्पुरते बंद करून संगणक नव्याने सुरू करावा. दोष नाहीसा झाला, तर तो बंद केलेल्या निम्म्यांत होता. कायम राहिला, तर उरलेल्या निम्म्यांत आहे. ६४ संशयित असले तरी ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशा केवळ सहा फेऱ्यांत अपराधी सापडतो. दोष एकाच घटकात असेल तर ही रीत बिनचूक चालते. प्रणालीच्या स्वतःच्या सेवांना मात्र हात लावू नये, आणि प्रत्येक फेरीत काय बंद केले ते कागदावर लिहून ठेवावे.

७. १९ जुलै २०२४ चा धडा

घटकाचे स्थान साखळीत जितके आरंभी, तितका त्याच्या दोषाचा परिणाम व्यापक असतो. याचे प्रत्यंतर १९ जुलै २०२४ रोजी जगाला आले. क्राउडस्ट्राइक या कंपनीची 'फाल्कन' ही संरक्षक आज्ञावली घातक आज्ञावलींच्या आधी जागी व्हावी, म्हणून तिचा चालक विंडोज सुरू होतानाच गाभ्यात प्रवेश करतो. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने माहितीची एक नवी फाइल सर्वत्र पाठविली. त्या माहितीच्या रचनेत २१ रकाने गृहीत धरलेले होते. वाचणाऱ्या आज्ञावलीला प्रत्यक्षात २० च पुरविले जात होते. एकविसावा रकाना शोधताना चालक स्मृतीच्या मर्यादेबाहेर गेला आणि त्याच्यासह संपूर्ण प्रणाली कोसळली. संगणक पुन्हा सुरू होई, पुन्हा तीच फाइल वाचली जाई आणि पुन्हा कोसळे.

कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी ती फाइल मागे घेतली. परंतु मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोपर्यंत सुमारे ८५ लाख संगणकांना बाधा झाली होती. विमानसेवा, बँका, रुग्णालये यांची कामे खोळंबली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय साधा होता. मोजकेच घटक सुरू करणाऱ्या 'सेफ मोड'मध्ये संगणक चालू करणे, चालकांच्या फोल्डरातील २९१ क्रमांकाची ती सदोष फाइल काढून टाकणे आणि संगणक पुन्हा सुरू करणे. परंतु जो संगणक सुरूच होत नाही त्याला दुरून आज्ञा देणे कठीण. म्हणून असंख्य ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जावे लागले. शिवाय तबकडी कुलूपबंद केलेली असेल तेथे ४८ अंकी किल्लीही लागली. ती कोठे लिहून ठेवली आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांचे काम लवकर झाले.

येथेही छपाईच्या सेवेचेच तत्त्व दिसते. चालकाची आज्ञावली आदल्या दिवशीचीच होती. नवे होते ते तिने सुरू होताच वाचलेले खाद्य. ही गोष्ट ओळखल्यामुळेच लाखो संगणक एक फाइल काढून वाचले. त्यांतील सर्व माहिती पुसण्याचे कारण पडले नाही.

८. उपसंहार

सारांश, घटक सुरू झाला नाही की प्रथम संदेश शब्दशः लिहून घ्यावा. काल चालत होते आणि आज चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले ते विचारावे. नोंदवहीतील पहिली अपयशाची नोंद शोधावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो परत फिरविता येईल असाच असावा. महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र आहे याची खात्री होईपर्यंत काहीही पुसू नये. या क्रमाने जाणाऱ्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शांतपणे वाचण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'गरज' आणि 'क्रम' या दोन संबंधांतील भेद आपल्या परिचयाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. मुळीच सुरू न होणारी सेवा आणि सुरू होऊन लगेच थांबणारी सेवा यांची तपासणी वेगळी का करावी लागते?
३. ३२ संशयित घटकांतून एक सदोष घटक निम्मे वगळण्याच्या रीतीने किती फेऱ्यांत सापडेल?
४. आपल्या संगणकाची तबकडी कुलूपबंद आहे काय? असल्यास तिची किल्ली कोठे लिहून ठेवली आहे, ते आजच तपासा.