आभासी वास्तव : प्रेक्षकाचा कर्ता होतो तेव्हा

‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. समोर दिसते ती सिंधू नसून एक नट आहे, हे प्रेक्षकांना पुरते ठाऊक होते. तरीही ते रडले. आणि रडत असूनही सुधाकराच्या हातातला प्याला हिसकावून घ्यायला कोणी रंगमंचावर धावले नाही. या साध्या गोष्टीत तत्त्वज्ञानाचे दोन प्रश्न दडलेले आहेत. जे खरे नाही हे माहीत आहे, त्याविषयी भावना कशी जागी होते, हा पहिला. भावना जागी होऊनही कृती का घडत नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. संगणकाने उभ्या केलेल्या आभासी वास्तवामुळे दुसऱ्या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे.

पहिल्याविषयी थोडक्यात. कॉलिन रॅडफर्ड याने १९७५ मध्ये अॅना कारेनिनाच्या दुःखाने आपण का हेलावतो असा प्रश्न करून, हे हेलावणे मुळातच विसंगत आहे असा निर्वाळा दिला. केंडॉल वॉल्टनने १९७८ मध्ये म्हटले की चित्रपटगृहातली भीती ही खरी भीती नव्हे. मुलांच्या खेळातल्यासारखी ती लुटुपुटीची असते. आपल्याकडे शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला होता. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशयही नव्हे. मला शंकुक अधिक सावध वाटतो, कारण तो प्रेक्षकाला वेड्यात काढत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या साधारणीकरणाच्या कल्पनेत मिळते. रंगभूमीवरचा शोक ‘माझा’ नसतो, शत्रूचा नसतो, तिऱ्हाइताचाही नसतो. व्यक्तिगत संबंध गळून पडल्यामुळेच त्याचा आस्वाद घेता येतो. प्रेक्षक धावून जात नाही तो निष्ठुर असतो म्हणून नव्हे. त्या जगात त्याला करण्यासारखे काही नसते म्हणून.

आता एका प्रयोगाकडे वळू. मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केलेला हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. भिंतींवर प्रतिमा उमटवणाऱ्या एका खास खोलीत संगणकाने चितारलेली एक स्त्री दिसे. तिला शब्दांच्या जोड्या विचारायच्या आणि ती चुकली की विजेचा धक्का द्यायचा. धक्क्यांसरशी ती कळवळे, तक्रार करी, शेवटी ‘थांबवा’ म्हणे. ३४ जणांपैकी २३ जणांना ती दिसत व ऐकू येत होती. उरलेल्या ११ जणांचा तिच्याशी संबंध केवळ लेखी मजकुरापुरता होता. स्त्री खरी नाही आणि धक्केही खरे नाहीत, हे सर्वांना माहीत होते. त्या ११ जणांनी सगळे २० धक्के दिले. २३ जणांपैकी १७ जणांनी २० दिले. बाकीचे सहा जण आधी थांबले, त्यांपैकी एक तर नऊ धक्क्यांनंतरच. जवळजवळ निम्म्यांनी सांगितले की प्रयोग सोडून द्यावा असे आपल्या मनात आले होते. हृदयाच्या ठोक्यांसारख्या शारीरिक खुणांतही ताण दिसून आला. (स्टॅन्ले मिल्ग्रॅमचा मूळ प्रयोग येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झाला. तिथे समोरचा माणूस खरा होता, धक्के खोटे होते. आणि ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. मात्र ते धक्के खरे आहेत अशीच त्यांची समजूत करून दिली होती.)

नऊ धक्क्यांनंतर थांबलेल्या त्या व्यक्तीला आपण काय म्हणावे? सुधाकराचा प्याला हिसकावणाऱ्याला आपण वेडा म्हटले असते. हिला तसे म्हणवत नाही. वास्तविक दोघांचीही ‘चूक’ सारखीच दिसते, नसलेल्या माणसाला वाचवण्याची! फरक आहे तो कर्तृत्वाचा. प्याला सुधाकर उचलतो. इथे कळ दाबणारा हात माझा असतो. स्त्री आभासी आहे, पण ती कळवळत असताना पुढे चालू ठेवायचे की थांबायचे हा निर्णय आभासी नाही. भावना इथे ‘ती खरी आहे’ असे सांगत नसून ‘तू काय करतो आहेस ते पाहा’ असे सांगत असते. म्हणून रॅडफर्डचा विसंगतीचा आरोप इथे लागू पडत नाही.

यावर कोणी विचारील, इजा कोणालाच झाली नाही, मग नीतीचा प्रश्न येतो कोठून? कांटने प्राण्यांविषयी दिलेले उत्तर येथे उसने घेता येईल : जो मुक्या प्राण्यांशी क्रूरपणे वागतो त्याचे मन माणसांच्या बाबतीतही निबर होते. मला हे उत्तर लंगडे वाटते. मन निबर होते की नाही हे अनुभवाने ठरायचे. उद्या एखाद्याचे मन तसे झाले नाही, तर त्याचे वागणे निर्दोष ठरेल काय? शिवाय बुद्धिबळात आपण रोज प्यादी मारतो, कोणाला काही वाटत नाही. कारण प्यादे दुःख भोगताना दाखवलेले नसते. आभासी स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे दुःख डोळ्यांपुढे ठेवून, ते ओलांडून मला पुढे जावे लागते. दोष असेल तर या ओलांडण्यात आहे, परिणामात नव्हे. अर्थात, प्रयोग पुरा करण्याचे कबूल केले आहे म्हणून नाखुशीने कळ दाबणारा आणि करमणूक म्हणून दाबणारा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

रसशास्त्राच्या अभ्यासकांसाठी यात एक कोडे आहे. भरताने रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायी भाव सांगितले. त्यांत पश्चात्ताप नाही. लज्जा, म्हणजे व्रीडा, आहे. पण ती तेहतीस व्यभिचारी भावांत, येऊन जाणारी. प्रेक्षक काहीच करत नाही असे शास्त्र गृहीत धरत असेल, तर त्याला स्वतःच्या कृतीचा पश्चात्ताप व्हावा कशाचा? कळ दाबून ती स्त्री कळवळताना पाहणाऱ्याला जे वाटते तो करुण रस नव्हे, कारण साधारणीकरण होण्याआधीच त्याचा ‘मी’ मध्ये उभा राहतो. त्याला भयानक किंवा बीभत्सही म्हणता येत नाही. त्याला नाव कोणते द्यावे, हे अजून ठरायचे आहे.