हरणांपासून पिकांचे संरक्षण : शिकार नव्हे, राखण

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन, मूग, तूर उगवून वर आली की हरणांचे कळप शेतात उतरतात. रब्बीत हरभऱ्यावर तीच वेळ येते. उगवण खुडली गेली तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. वैतागून काही जण फासे, विष किंवा विजेच्या तारेकडे वळतात. हा गुन्हा तर आहेच, शिवाय माणसांच्या व गुराढोरांच्या जिवावर बेतणारा आहे. शिकारी आधी जनावराचा माग, वाट व वेळ ओळखायला शिकतो. तेवढे ज्ञान राखणीलाही पुरेसे असते.

१) जनावर ओळखा : माळरानावर ज्याला आपण हरीण म्हणतो ते बहुधा काळवीट असते. नर वरून काळा व पिळदार शिंगांचा, तर मादी पिवळसर तपकिरी असते. रोही (नीलगाय) घोड्याएवढा मोठा असतो. काळविटाचा खूर लहान, अरुंद व टोकदार उमटतो; रोह्याचा बराच मोठा असतो. रानडुकराच्या खुरामागे ओल्या मातीत दोन ठिपके दिसतात व जमीन उकरलेली असते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने खुडलेला देठ फाटल्यासारखा दिसतो. सशाने खाल्लेला देठ विळ्याने तिरपा कापल्यासारखा असतो.

२) वाट व वेळ पाहा : काळवीट सकाळी व सायंकाळी जास्त चरतो. रोही शेतात बहुधा रात्री शिरतो आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. धुऱ्यावरून फिरून खुरांच्या वाटा शोधाव्यात. कळप जेथून आत येतो, तेथे आधी बंदोबस्त करावा.

३) राखणीचे उपाय :
अ) रब्बीत हरभऱ्याभोवती काटेरी करडईच्या दाट ओळी पेराव्यात. परभणी कुसुम (पीबीएनएस १२) हा काटेरी वाण आहे. पीबीएनएस ४० बिनकाटेरी असल्याने कुंपणासाठी घेऊ नये.
ब) जुन्या साड्या, बुजगावणी व आवाज यांना जनावरे लवकर सरावतात. त्यांची जागा वरचेवर बदलावी.
क) सौर झटका यंत्र थांबून थांबून क्षणभराचा झटका देते. तारेखाली गवत वाढू देऊ नये. घरगुती वा पंपाची वीज कुंपणात कदापि सोडू नये.
ड) उगवणीनंतरचे पहिले तीन आठवडे शेजारच्या शेतकऱ्यांनी पाळीपाळीने राखण करावी. एकाच शेतातून हाकललेला कळप दुसऱ्याच्या शेतात जातो.
इ) गवतात एकटे बसलेले पाडस उचलू नये, आई जवळपास असते.

४) कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार फासा लावणे, विष घालणे, सापळ्यात पकडणे व तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. त्याच्या शिकारीस किमान ३ व कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. पिकाचे नुकसान होते म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. रोही व रानडुकराच्या बाबतीतही वन अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय काहीही करू नये.

५) नुकसानभरपाई : हरीण, रोही व रानडुकराने केलेल्या पीक नुकसानीची भरपाई राज्याच्या वन विभागाकडून मिळते. नुकसान दिसताच, तीन दिवसांच्या आत, वनपरिक्षेत्र अधिकारी किंवा जवळच्या वन कर्मचाऱ्याकडे अर्ज करावा. सातबारा उतारा व बँक पासबुकाची प्रत जोडावी. खुरांचे ठसे व खाल्लेल्या झाडांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पंचनामा होण्यापूर्वी शेत मोडून पुन्हा पेरू नये. पुरावा नाहीसा झाल्यास हक्काची रक्कम हातची जाते.